टाकांमधला घोडेस्वार

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी आमच्या माहेरी देव उजळतात. देव्हाऱ्यातले सगळे देव परातीत काढायचे, पितळेच्या मूर्तींना चिंच लावायची, चांदीचे टाक मऊ रांगोळीने घासायचे, कोमट पाण्यातून काढून जुन्या धोतराच्या फडक्याने टिपायचे आणि पुन्हा आपापल्या जागी बसवायचे, हे काम घरातल्या बायकांचे. मी पाच-सहा वर्षांची झाले तेव्हापासून टाक घासण्याचे काम माझ्याकडे आले. टाक सहा होते. त्यांतले पाच चौकोनी, वर कमान असलेले, पातळ पत्र्यावर ठोकून उठवलेले. सहावा मात्र वाटोळा, जाड आणि हाताला चांगलाच जड होता. त्यावर एक उघडाबंब पुरुष घोड्यावर बसलेला होता आणि घोड्याच्या टापांखाली एक कवटी होती. हा खंडोबा आणि खाली पडलेले ते मणी दैत्याचे मुंडके, असे आजीने मला सांगितले होते. मला त्याची कधी शंका आली नाही, कारण शेजारच्या चौकोनी टाकावरचा खंडोबाही घोड्यावरच होता; फक्त त्याच्या अंगावर कपडे होते आणि मागे म्हाळसा बसलेली होती. वाटोळ्या टाकाच्या दुसऱ्या बाजूला एका दाढीवाल्या पुरुषाचे तोंड होते. ती बाजू नेहमी खाली ठेवायची, असा घरात दंडक होता.

रत्नागिरीला कॉलेजात असताना एका वर्षी मी सुट्टीत घरी आले होते आणि सवयीने टाक पुसत होते. त्या दिवशी पहिल्यांदा माझे लक्ष त्याच्या कडेकडे गेले. रुपयाच्या कडेला दाते असतात, तशा त्या जाड कडेवर बारीक इंग्रजी अक्षरे ठोकलेली होती. एक नंबर, मग शिपाई हा हुद्दा, मग एक नाव आणि शेवटी ‘११४ मराठाज’. ते नाव माझ्या पणजोबांचे होते. आमचा सहावा टाक म्हणजे पहिल्या महायुद्धात लढलेल्या सैनिकांना ब्रिटिश सरकारने दिलेले चांदीचे पदक होते. मागचा दाढीवाला म्हणजे बादशहा पंचम जॉर्ज, आणि पदक फितीला अडकवण्यासाठी जी दांडी असते ती कोण्या सोनाराने कापून, घासून साफ केली होती, म्हणजे ते देव्हाऱ्यात सपाट बसावे.

मी आजीला विचारले. पणजोबा तिचे सासरे. ती तांदूळ निवडत होती आणि निवडता निवडताच म्हणाली, “मामंजींचं बसऱ्याचं हाय ते. मामंजी चाकरीला व्हते ना. आधी मुंबईला, मंग बसऱ्याला.”

त्या वेळी मला ते उत्तर फार अपुरे वाटले होते. महायुद्धात लढलेल्या माणसाबद्दल आपण विचारावे आणि मुंबईच्या पुढचे स्टेशन सांगावे तसे तिने इराकमधले बसरा सांगावे, याची मला थोडी चीडही आली होती. आज इतक्या वर्षांनी, त्या काळाबद्दल जे मिळेल ते वाचून झाल्यावर, मला वाटते की पणजोबांच्या आयुष्याबद्दल याहून नेमके वाक्य मला कुठेही सापडलेले नाही.

आमचे गाव संगमेश्वर तालुक्यात, डोंगराच्या कुशीत. भात, नाचणी, वरी. त्यातही भाताचे एकच पीक, आणि तेही खोताच्या, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदाराच्या, जमिनीत. भातशेतीवर अर्धल, म्हणजे निम्मे पीक खोताच्या घरी जाणार. उरलेल्या निम्म्यात पेरणीचे बी, सावकाराचे देणे आणि वर्षभराची तोंडे. होळी झाली की घरातल्या कणगीचा तळ दिसू लागे आणि पुढचे तीन-चार महिने करवंदे, फणस आणि कंदांवर काढावे लागत. कोकण सुंदर आहे असे आपण आज लिहितो, तेव्हा हेही लिहायला हवे की या सौंदर्याने कित्येक पिढ्या माणसांना पोटभर भात दिला नाही. समुद्र समोर होता आणि मुंबई त्या समुद्राच्या वाटेने एका रात्रीच्या अंतरावर होती, म्हणून माणसे तिकडे गेली. १९११च्या शिरगणतीत मुंबईच्या गिरणी कामगारांपैकी जवळजवळ निम्मे रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते. त्या काळच्या रत्नागिरी जिल्ह्यात आजचा सिंधुदुर्गही येत असे. ज्या कापडाने मुंबई श्रीमंत झाली त्या कापडाच्या निम्म्या धाग्यांना आमच्याकडची बोटे लागली होती, असे म्हटले तर ते फार चूक ठरणार नाही.

पणजोबा तेरा-चौदा वर्षांचे असताना गेले. घरापासून फुणगूस बंदरापर्यंत पायी, तिथून होडीने शास्त्री नदीच्या खाडीतून जयगडला आणि जयगडच्या तोंडाशी नांगरलेल्या आगबोटीवर. बोट धक्क्याला लागत नसे. पडावातून तिच्या पोटाशी जायचे आणि शिडीने वर चढायचे. बरोबर एक वळकटी, नाचणीच्या भाकऱ्या आणि गावातल्याच एका चुलत्याचा पत्ता. परळला त्या चुलत्याच्या खोलीत गावची वीसेक माणसे राहत. निम्मी दिवसपाळीला गेली की उरलेली निम्मी झोपायची, असा तिथला हिशेब होता. पणजोबा सूतखात्यात लागले, पण कायम म्हणून नव्हे. ते बदली होते. रोज पहाटे भोंग्याच्या आधी दरवाज्याशी जाऊन उभे राहायचे आणि कोणी गैरहजर असेल तर जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम, बोट दाखवील त्याने आत जायचे. ते बोट आपल्याकडे वळावे म्हणून जॉबरला दस्तुरी द्यावी लागे. ज्या दिवशी काम मिळे त्या दिवशी कायद्याने बारा तास. १९११च्या कायद्याने कापड गिरणीतल्या पुरुषांच्या दिवसाला घातलेली ती मर्यादा होती आणि ती सवलत समजली जात होती.

महिना संपला की खानावळवालीचे पैसे, खोलीचे भाडे, जॉबरची दस्तुरी, अडीअडचणीला काढलेल्या कर्जाचे व्याज हे सगळे वजा जाऊन जे उरेल त्याची मनीऑर्डर गावी. आजीने ऐकलेले असे, की काही महिन्यांत ती दोन रुपयांची येई आणि काही महिन्यांत येतच नसे. घरी म्हातारे आईवडील, दोन लहान भाऊ आणि नुकतीच लग्न होऊन आलेली पणजी. पोस्टमन वाडीच्या पाणंदीने वर येताना दिसला की पणजी अंगणात उभी राही आणि तो वळणावरून दुसऱ्या घराकडे गेला की आत जाई.

१९१६च्या पावसाळ्यात पणजोबांनी गिरणी सोडली आणि फौजेत नाव घातले. का घातले, याचे उत्तर घरात एका वाक्यात दिले जाई: “बसऱ्याला शिधा सरकारचा व्हता.” या वाक्याचा अर्थ कळायला मला बरीच वर्षे लागली. शिपायाचा पगार तेव्हा महिना ११ रुपये होता. हा आकडा गिरणीच्या तुलनेत डोळे दिपवणारा मुळीच नव्हता; धड काम मिळाले तर गिरणीतला माणूस त्याहून जास्त कमवी. पण मोहिमेवर गेलेल्या शिपायाला जेवण, कपडे आणि निवारा सरकार देई, वर थोडा भत्ता मिळे, आणि त्याचा पगार जवळजवळ सगळाच्या सगळा घरी पोहोचू शके. खानावळ नाही, भाडे नाही, दस्तुरी नाही. घराच्या हिशेबात ११ रुपये म्हणजे खरोखरीचे ११ रुपये. आणि बदलीचा धाक नाही, कारण युद्धावर माणूस रोजच लागतो.

माणूस इतका का लागत होता, तेही सांगायला हवे. मेसोपोटेमियाची मोहीम, म्हणजे आजच्या इराकमधली लढाई, सुरुवातीला हिंदुस्थान सरकारने चालवलेली होती आणि तिच्यात मराठा पलटणी अगदी पहिल्या दिवसांपासून होत्या. नोव्हेंबर १९१४मध्ये बसरा घेतले गेले. पुढच्या वर्षभरात फौज टायग्रिस नदीच्या काठाने बगदादच्या दिशेने सरकत राहिली आणि नोव्हेंबर १९१५मध्ये टेसिफोनला, बगदाद अगदी टप्प्यात आलेले असताना, मोठी माणसे गमावून मागे फिरली. जनरल टाउनशेंड आपली सहावी पुणे डिव्हिजन घेऊन कूट-अल-अमारा या नदीकाठच्या गावात शिरले आणि तुर्कांनी त्यांना वेढले. तो वेढा १४७ दिवस चालला. १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी आत होत्या. धान्य संपले, घोडे आणि खेचरे कापून खावी लागली, आणि घोड्याचे मांस तोंडात घालायला आपल्याकडच्या कित्येकांनी कितीतरी दिवस नकार दिला. घोड्यावरच्या देवाचे टाक ज्यांच्या घरी देव्हाऱ्यात आहेत त्यांना तो घास का उतरला नसेल, हे मला कोणी समजावून सांगायला नको. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजार माणसे शरण गेली. त्यांतल्या हिंदी कैद्यांपैकी पुष्कळांना वाळवंटातून रास-अल-ऐनपर्यंत चालवत नेले आणि तिथे बगदाद रेल्वेच्या कामावर लावले. घर सोडून मजुरीला गेलेला माणूस शिपाई झाला आणि शिपाई पुन्हा परक्याच्या रेल्वेवर मजूर झाला.

कूट पडले आणि एका दमात तीन मराठा पलटणी नाहीशा झाल्या. त्या नव्याने उभ्या करायच्या होत्या, बाकीच्यांतली खिंडारे भरायची होती. भरतीवाले रत्नागिरी आणि सातारा जिल्ह्यांत फिरू लागले, मुंबईतही फिरू लागले. कोकणी मराठ्यांच्या कंपन्या या पलटणींत पूर्वीपासून असतच, तेव्हा गावागावांत कोणा ना कोणाचा आजा किंवा मामा पेन्शनर असे आणि तोच पोरांना घेऊन जाई. पणजोबांच्या बाबतीत तो परळच्या खोलीतलाच कोणी होता. उंची पाहिली, छाती मोजली, दात पाहिले आणि आठवड्यात गिरणीच्या दरवाज्यावरचा बदली ११४व्या मराठा पलटणीचा रंगरूट झाला. गावाला कळले ते महिन्याभराने, पोस्टमनने वाचून दाखवलेल्या कार्डावरून.

‘बसरा’ हा शब्द पणजीला नवा नव्हता. मराठी बायकांना बसरा ठाऊक होते ते मोत्यांमुळे. नथीतले उत्तम मोती ते बसऱ्याचे. आखाताच्या समुद्रातून काढलेली आणि बसऱ्याच्या बाजारातून मुंबईला येणारी ती मोती खोताच्या घरातल्या नथीत तिने पाहिली होती. नवरा बसऱ्याला गेला म्हटल्यावर वाडीतल्या बायकांनी तिला चिडवले, की आता तुझ्या नथीला काय तोटा. आजीने हे मला हसत हसत सांगितले होते, पण सांगून झाल्यावर ती थोडा वेळ गप्प बसली होती. पणजीच्या नथीत अखेरपर्यंत काचेचे मणी होते.

बसऱ्याबद्दल पणजोबा फार बोलत नसत; जे बोलत ते नदी, ऊन आणि खाणे यांबद्दल. आजी त्यांच्या तोंडचे दोन-तीन शब्द वापरी. लांबोडक्या होडीला ते ‘बलम’ म्हणत, बसऱ्याच्या खाड्यांतून चालणाऱ्या त्या अरुंद नावांचे तेच नाव आहे. पाऊस जोराचा लागला आणि अंगणात गुडघाभर चिखल झाला की म्हणत, हा काही चिखल नव्हे, चिखल दजलेच्या काठाला असतो, माणसाचा बूट काढून घेतो. दजला म्हणजे टायग्रिस. खजुराला त्यांनी उभ्या आयुष्यात पुन्हा हात लावला नाही. एकादशीला घरात खजूर आणला तर ते उठून पडवीत जाऊन बसत.

खाण्याबद्दलची एक गोष्ट मात्र मी जपून ठेवली आहे. आजी सांगे, की मामंजींना बसऱ्याला सोले खायला मिळत. सोले म्हणजे आमसुले, कोकमाची वाळवलेली साले. हिंदी शिपायाच्या शिध्यात आटा, डाळ, तूप, गूळ हे असे. ताजी भाजी आणि फळे त्या वाळवंटात महिनोन् महिने मिळत नसत, आणि माणसांच्या हिरड्या सुजून रक्त येऊ लागे, जुनी जखम पुन्हा उघडे, पाय काळेनिळे पडत. स्कर्व्हीने १९१६ साली मेसोपोटेमियातल्या हिंदी सैनिकांची दैना केली होती. आजीची ही सोल्यांची गोष्ट मला बरीच वर्षे घरगुती कल्पना वाटत होती: गावच्या माणसाला परमुलखात गावचेच काहीतरी मिळाले, अशी. नंतर वाचनात आले, की १९१९ साली लंडनमध्ये हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकारी संशोधक स्त्रियांनी स्कर्व्हीवर इलाज म्हणून चिंच, आमचूर आणि कोकम यांची कसून तपासणी करून निष्कर्ष छापले होते. ताज्या लिंबा-संत्र्याच्या मानाने या वाळवलेल्या फळांत तो गुण पुष्कळ कमी, असे त्यांना आढळले. मी तो मजकूर वाचला तेव्हा माझ्यासमोर आमच्या मागच्या अंगणातला रातांबा उभा राहिला. वैशाखात त्याची फळे फोडायची, बी काढायची, साले रसात बुडवून उन्हात घालायची, पुन्हा बुडवायची आणि पुन्हा वाळवायची, हे मी स्वतः केले आहे. हात आठ-आठ दिवस जांभळे राहतात. कोणा कोकणी बाईच्या त्या जांभळ्या हातांचे काम पोत्यात भरून बसऱ्यापर्यंत गेले आणि तिच्याच मुलखातल्या माणसाच्या सुजलेल्या हिरड्यांना, थोडासा का होईना, आधार देऊन आले, ही गोष्ट मला कुठल्याही विजयापेक्षा मोठी वाटते.

पहिले कित्येक महिने पणजोबांच्या हातात बंदुकीपेक्षा फावडेच जास्त होते. रस्ते, बांध, खंदक, बोटींवरून माल उतरवणे. ही काही त्यांच्या एकट्याची तऱ्हा नव्हती. त्या मोहिमेवर हिंदुस्थानातून एकंदर सुमारे ५ लाख ८८ हजार माणसे गेली आणि त्यांतली जवळजवळ निम्मी बिनलढाऊ होती: हमाल, खेचरवाले, रेल्वेचे मजूर, भिस्ती, स्वयंपाकी, बोटींवरचे खलाशी. बसऱ्याला १९१६च्या सुरुवातीला धड धक्केही नव्हते. जहाजे माल घेऊन नदीत आठवडेच्या आठवडे उभी राहत आणि तो माल आपल्याकडच्या माणसांच्या पाठीवरून काठाला येई. महायुद्ध म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर संगिनी येतात. मला आता पाठी दिसतात.

लढाई त्यांनी पाहिली ती अगदी शेवटी. ऑक्टोबर १९१८च्या अखेरच्या आठवड्यात शरकातला, मोसुलच्या दक्षिणेला, ११४वी पलटण तुर्कांच्या फळीवर चालून गेली. उंचसखल ओसाड मुलूख, पाण्याची टंचाई आणि दिवसरात्र चाल. ३० ऑक्टोबरला तिकडे तुर्की सेनापती शरण आला आणि त्याच दिवशी मुद्रोसला तुर्कांच्या युद्धबंदीच्या तहावर सह्या झाल्या. पणजोबांच्या खोलीतून त्यांच्याबरोबर भरती झालेला एक जण त्या शेवटच्या दोन दिवसांत पडला. पणजोबा त्याच्या घरी दरवर्षी शिमग्याला नारळ घेऊन जात. का जातात हे त्यांनी कोणाला सांगितले नाही आणि त्या घरच्यांनीही कधी विचारले नाही. ते येत, ओटीवर बसत, पाणी पीत आणि उठत.

ते शरकातला होते, त्याच ऑक्टोबरात इकडे मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची, साथ गावातून गेली. मुंबई इलाख्यात त्या साथीने दहा लाखांहून अधिक माणसे नेली. आमच्या घरातून त्यांचे वडील गेले, धाकटा भाऊ गेला आणि त्यांनी एकदाच रजेवर पाहिलेली दीड वर्षांची मुलगी गेली. त्यांना हे सगळे एका कार्डात कळले. युद्धात ते वाचले आणि घरी तिघे गेले. याबद्दल त्यांच्या तोंडून कोणी काही ऐकलेले नाही, म्हणून मीही अधिक लिहिणार नाही.

१९१९मध्ये ते परत आले. इतक्या थोड्या वर्षांच्या नोकरीला पेन्शन नव्हते. एक जाड कांबळे, एक कल्हई उडालेला मग आणि सुटकेचा कागद घेऊन ते आले. पदक नंतर टपालाने आले. आणि मग त्यांनी काय केले? वळकटी बांधली आणि पुन्हा परळला गेले. युद्धाच्या काळात मुंबईतली महागाई भयंकर वाढली होती, जानेवारी १९१९मध्ये दीड लाखाच्या आसपास कामगार संपावर गेलेले होते, आणि दरवाज्यावर बदल्यांची रांग पूर्वीपेक्षा लांब झाली होती. बगदादच्याही पलीकडे जाऊन आलेला शिपाई त्या रांगेत शेवटी उभा राहिला. १९२८चा सहा महिन्यांचा संप होईपर्यंत ते गिरणीत होते. त्यानंतर गावी आले ते कायमचे. खोताची शेती अर्धलीनेच करत राहिले. खोती उठवणारा कायदा १९४९चा. तेव्हा ते पन्नाशी ओलांडलेले होते आणि जमीन आपल्या नावावर झाल्याचा कागद त्यांनी त्या सुटकेच्या कागदाबरोबर एकाच नळकांड्यात ठेवला. ते नळकांडे पुढे वाळवीने खाल्ले.

माझ्या ओळखीचे काही जण अशा माणसांना वीर म्हणतात आणि काही जण साम्राज्याचे भाडोत्री म्हणतात. दोन्ही बाजूंचे बोलणे मी पुष्कळ ऐकले आहे आणि दोन्हींनी मला दुखावले आहे. वीर म्हणणाऱ्यांना खोताची अर्धल आणि जॉबरचे बोट दिसत नाही. त्या माणसाला दुसरी वाट कोणती होती हे ते विचारत नाहीत. भाडोत्री म्हणणाऱ्यांना ११ रुपये दिसतात, पण त्या ११ रुपयांवर किती तोंडे होती ते दिसत नाही. आजीने वापरलेला ‘चाकरी’ हा शब्द मला म्हणूनच पटतो. आमच्या मुलखात मुंबईला गेलेल्या माणसाला चाकरमानी म्हणतात, आणि त्या शब्दात अभिमान, दया, वाट पाहणे आणि हिशेब असे सगळे एकत्र आहे. पणजोबा बसऱ्याला गेलेले चाकरमानी होते.

गावच्या जुन्या शाळेच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे. अशा पाट्या युद्धानंतर सरकारने पुष्कळ गावांत लावल्या. १९१४ ते १९१९च्या महायुद्धात या गावातून इतके पुरुष गेले आणि त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर. नाव एकाचेही नाही. आमच्या पाटीवर गेलेले ३१ आणि मेलेले ४ आहेत. काही वर्षांपूर्वी मी आणि माझ्या भावाने वाड्या-वाड्यांत जाऊन ३१ नावे गोळा करायचे ठरवले. मराठवाडीत, कुणबीवाडीत, मुसलमानांच्या मोहल्ल्यात, बौद्धवाडीत बसलो. बौद्धवाडीत एका आजोबांनी त्यांच्या घरातल्या दोघांची नावे सांगितली, १११व्या महार पलटणीतले. महारांना फौजेची दारे १८९०च्या दशकात बंद करण्यात आली होती. त्याविरुद्ध दापोलीच्या गोपाळबाबा वलंगकरांनी, जे स्वतः फौजेतून निवृत्त झालेले होते, अर्ज लिहिला होता. ती दारे १९१७मध्ये गरज लागली म्हणून उघडली आणि १९२१मध्ये गरज संपली म्हणून पुन्हा लावून घेतली. त्या आजोबांनी हे सांगताना आवाज चढवला नाही. “आमची चाकरी बदलीचीच,” एवढेच म्हणाले. गिरणीच्या दरवाज्यावरचा तो शब्द मला तिथे ऐकायला मिळेल असे वाटले नव्हते.

आम्हाला १९ नावे मिळाली. बारा मिळाली नाहीत.

या मोहिमेत मेलेल्या आणि थडगे किंवा चितेची जागाही ठाऊक नसलेल्या ४० हजारांहून अधिक सैनिकांचे स्मारक बसऱ्याला आहे. १९२९मध्ये नदीकाठी बांधलेले ते स्मारक १९९७मध्ये उचलून वाळवंटातल्या नासिरियाच्या रस्त्यावर नेण्यात आले. त्यावर गोऱ्या शिपायांची नावे कोरलेली आहेत, हिंदी अधिकाऱ्यांची कोरलेली आहेत, आणि साध्या हिंदी शिपायांचे पलटणीच्या नावाखाली नुसते आकडे आहेत. हे अन्यायाचे होते असे राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१मध्ये मान्य केले. आमच्या शाळेच्या भिंतीतली पाटी आणि बसऱ्याची भिंत एकाच हिशेबनिसाने लिहिल्यासारखी आहे. पणजोबा दर शिमग्याला ज्याच्या घरी नारळ नेत, तोही आमच्या पाटीवरच्या त्या ४मध्ये आहे.

म्हणून कडेवर नाव असलेल्या त्या पदकाचे मोल मला फार आहे. सरकारने पणजोबांचे नाव कुठे कोरले असेल तर ते तेवढ्याच एका जागी, चांदीच्या जाड कडेवर, उजेडाला धरल्याशिवाय दिसणार नाही एवढ्या अक्षरांत.

परवा घटस्थापनेच्या आधी मी माहेरी गेले होते. आई थकली आहे, देव उजळायचे काम आता वहिनी करते. सर्वपित्री होती; सकाळी भटजी येऊन गेले. भावाने वडिलांचे, आजोबांचे आणि पणजोबांचे नाव घेऊन पाणी सोडले. श्राद्धात तीनच पिढ्यांची नावे घेतात. भावानंतर भाचा बसेल तेव्हा पणजोबांचे नाव त्या तिघांत नसेल.

संध्याकाळी परात पुढे ओढून मी वाटोळा टाक हातात घेतला आणि उजेडाला धरला. कॉलेजात असताना मी पहिल्यांदा वाचला तेव्हा कडेवरचा नंबर स्पष्ट होता. तो तेव्हा लिहून ठेवायचे मला सुचले नाही. आता नंबरातले शेवटचे दोन आकडे दिसतात. पुढचे गेले आहेत आणि नावाच्या पहिल्या अक्षराची एक बाजूही गेली आहे. पणजीने घासले, आजीने घासले, आईने घासले आणि दहा-बारा वर्षे मी स्वतः, देव लख्ख दिसला पाहिजे म्हणून रांगोळी दाबून दाबून घासले.

वहिनीने रांगोळीची वाटी पुढे केली. मी ती बाजूला ठेवली आणि माजघरात बसलेल्या भाच्याला हाक मारली. तो पुण्याला कंपनीत आहे, दोन दिवसांसाठी आला होता. त्याने टाक हातात घेतला, फोनचा दिवा कडेवर धरला आणि हळूहळू फिरवत एकेक अक्षर मोठ्याने वाचू लागला. नाव पूर्ण झाले तेव्हा आई देव्हाऱ्यापाशी कुंकवाचा करंडा घेऊन उभी होती. “झालं वाचून?” तिने विचारले. तो म्हणाला, “थांब आजी, पलटण राहिली.”